कार्बनचे चार हात

लाखनीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात एकोणीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या गोपीचंद कापगते सरांना आषाढात लकवा मारला. नागपूरला अठरा दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले, तेव्हा बोलणं पहिल्यासारखं खणखणीत होतं, उजवा हात धड होता, फक्त डावा पाय थोडा ओढत होता. त्यांची बायको निर्मला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, निभावलं बापा. नेमकं काय गेलं आहे ते तिला तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी कळलं.

“भाजी नाही केली काय आज?” सरांनी विचारलं.

निर्मलानं ताटाकडे पाहिलं. उजवीकडचा भात संपला होता. डावीकडे वांग्याची भाजी होती तशी होती. तिला वाटलं, थट्टा करतात. पण ते रिकाम्या बाजूला बोटं फिरवत वाट बघत बसले होते. तिनं ताट अर्धं फिरवलं. भाजी उजवीकडे आली आणि ते जेवायला लागले.

मग एकेक दिसत गेलं. दाढी अर्ध्याच गालाची व्हायची. पेपरातल्या बातमीची डावीकडची अक्षरं सुटायची आणि ते छापणाऱ्याला शिव्या द्यायचे. शेवटी त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर घेतलेला प्रविण भेटायला आला. तो सरांचाच जुना विद्यार्थी. पोरांना बेन्झिन समजत नाही म्हणाला. सरांनी हौसेनं कागद ओढला, षटकोनाच्या उजवीकडच्या तीन रेघा काढल्या आणि पेन खाली ठेवलं.

“हे झालं वलय,” ते म्हणाले. “आता सांग, कायचं समजत नाही त्याईले?”

प्रविणनं त्या उघड्या पडलेल्या आकृतीकडे पाहिलं, मग निर्मलाकडे. चहा न घेताच तो उठला.

पुढच्या खेपेला नागपूरच्या डॉक्टरांनी निर्मलाला बाजूला घेऊन सांगितलं, “डोळे चांगले आहेत त्यांचे. पण डावी बाजू नावाचं काही असतं, हेच मेंदू विसरलाय. आपल्याला अर्धं दिसतं असं त्यांना वाटतच नाही. तुम्ही सांगाल तर चिडतील.”

“सुधरते का हे?”

“जे सुधारायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत. सराव करून घ्या. ज्या कामात ते रमतात, त्याचाच करा.”

ज्या कामात ते रमतात, ते काम निर्मलाला ओ की ठो कळत नव्हतं. ती करडी गावची, नववी शिकलेली. इतक्या वर्षांच्या संसारात केमिस्ट्री म्हणजे सरांच्या शर्टाला येणारा प्रयोगशाळेचा वास, एवढंच तिला ठाऊक होतं. पण मेडिकल रजा नोव्हेंबरअखेर संपणार होती. त्यानंतर हजर झाले नाहीत, तर प्रकृतीच्या कारणावरून घरी बसवण्याचा प्रस्ताव जाईल, असं ऑफिसातून कानावर आलं होतं. सर खाटेवर बसून रोज एकच विचारायचे, “किती दिवस राहिले?” जवळच्या शाळेची घंटा वाजली की चपला शोधायचे. डाव्या पायाची चप्पल त्यांना कधी सापडायची नाही.

म्हणून निर्मला शिकली.

नागपूरला नर्सिंग करणारी मुलगी हर्षा दिवाळीला आली होती. तिनं जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर स्केचपेननं आकृत्या काढल्या आणि मागे नावं लिहून दिली. मिथेन, इथेन, इथेनॉल, टोल्युइन, फिनॉल, अशी वीस कार्डं. आईच्या मोबाइलवर तिनं एक ॲप टाकून दिलं. त्यात रेणू बोटानं गरगर फिरवता यायचे. प्रविणनं प्रयोगशाळेतली मॉडेलची पेटी गुपचूप आणून दिली. प्लॅस्टिकचे काळे गोळे कार्बन, लाल ऑक्सिजन, पांढरे हायड्रोजन, आणि ते जोडायला राखाडी काड्या. पाटीच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावायची हे भंडाऱ्याच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं. लाल पट्टी दिसेपर्यंत मान डावीकडे वळवायची, मगच काढायला लागायचं.

सकाळी स्वयंपाक आटोपला की निर्मला समोर बसायची. कार्डावरचं नाव वाचायची. सर पाटीवर काढायचे. मग ती कार्ड उलटं करून दोन्ही आकृत्या ताडून बघायची. सुरुवातीला तिला सगळ्या आकृत्या सारख्याच वाटत. रांगोळी कुठं मोडली हे नजरेला कळतं तसं कळायला तिला आठवडा लागला.

एके दिवशी टोल्युइनचं कार्डच सापडेना. सरांनी पाटीवर काहीतरी काढलं होतं. बरोबर की चूक, तिला सांगता येईना.

“मी कशी पाहू आता?” ती वैतागून म्हणाली.

सर हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच हसले असतील. “कार्ड कायले पायजे? हात मोज. कार्बनले चार हात. ना तीन, ना पाच. हायड्रोजनले एक, ऑक्सिजनले दोन. कितीही मोठी आकृती राहू दे, एकेका कार्बनचे हात मोजत जाय. कुठं तीन भरले तं समज, काहीतरी राहिलं. दोन रेघा असल्या तं दोन हात.”

त्यांनी मॉडेलमधला काळा गोळा तिच्या हातात दिला. चार भोकं, चारही भोकांत काड्या खोचलेल्या. कसाही ठेवला तरी तीन काड्यांवर उभा राहायचा आणि चौथी वर. निर्मलाला त्या दिवशी इतकं स्वच्छ समजलं की दुपारभर ती मोबाइलवरच्या आकृत्यांचे हात मोजत बसली. मग संध्याकाळी तिनं तीच पाटी पुन्हा समोर धरली. सरांनी काढलेल्या टोल्युइनच्या डाव्या अंगाचे दोन कार्बन तर नव्हतेच, आणि उरलेल्यातल्या दोघांचे हात कमी भरत होते. ज्यांनी तिला मोजायला शिकवलं होतं त्यांनाच ते दिसत नव्हतं.

“दोघाईचे हात कमी हायेत,” ती म्हणाली.

“बराबर हाय ते.”

“मोजा ना.”

“एकोणीस वर्ष झाले मी मोजून राहिलो!” सरांनी पाटी भिरकावली. “तू अन् प्रविण मिळून मले येडा ठरवून राहिले. त्याले माही जागा पायजे, अन् तुले काय पायजे, ते तरी सांग!”

निर्मला खाली बसून पाटीचे तुकडे वेचायला लागली. ते ओरडले याचं तिला दुःख नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते, याचं होतं. त्यांना खरोखरच पूर्ण वलय दिसत होतं.

नवीन पाटी आली. पट्टी लावली की वीसपैकी चौदा आकृत्या पूर्ण व्हायच्या. पट्टी काढली की तीन. कधी दोन. निर्मला रोज पट्टी काढून बघायची आणि रोज पुन्हा लावायची. रजेचे आठ दिवस उरले, तेव्हा ती प्रविणच्या खोलीवर गेली.

“भाऊ, प्राचार्य सर म्हणतात, फिटनेसचं सर्टिफिकेट हाय पण एक तास घेऊन दाखवा. तास प्रयोगशाळेत होईल ना?”

“हो काकू. केमिस्ट्रीचा तास तिथंच होते.”

“तिथल्या फळ्याले डाव्या अंगानं लाल पट्टी लावून देजो.”

सर परत आले की प्रविणची तासिका बंद होणार होती. त्याच्या घरी म्हातारी आई होती, आणि जागेसाठीच्या मुलाखती देऊन देऊन तो थकला होता. हे निर्मलालाही माहीत होतं.

“लावतो,” तो म्हणाला. “मीच लावतो.”

त्यांनी विषय ठरवला, अल्कोहोल. प्रविणनं मुद्दे काढून दिले. पाच दिवस सरांनी तोच तास निर्मलासमोर घेतला, खाटेजवळ उभं राहून, उजव्या हातात खडू. इथेनॉल त्यांनी तीस वेळा तरी काढलं असेल. शेवटच्या दिवशी एकदाही चुकलं नाही. त्या दिवशी निर्मलानं देवापुढे नारळ ठेवला. फोडला मात्र नाही, तास झाल्यावर फोडू म्हणाली.

एक डिसेंबरला ते ऑटोनं महाविद्यालयात गेले. हमरस्त्यावर धानाच्या पोत्यांचे ट्रक एकामागे एक उभे होते. तेवढ्या पन्नास पावलांच्या रस्त्याला वीस मिनिटं लागली. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. त्यांच्या दाढीची डावी बाजू निर्मलानं स्वतः केली होती.

प्राचार्य ताराचंद पटले इतिहासाचे. भला माणूस. त्यांनी सरांचा हात धरून खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, “सर, प्रयोगशाळेत कशाला दाटीवाटीनं? आपला नवा डिजिटल वर्ग झालाय वरच्या मजल्यावर. तुम्ही पाहिलाच नसेल. तिथंच घ्या तास. पोरंही खूश होतील.”

पट्टी तर खाली प्रयोगशाळेत होती, निर्मलाच्या ध्यानात आलं. तिनं प्रविणकडे पाहिलं. प्रविण म्हणाला, “सर, प्रयोगशाळेत तयारी करून ठेवली आहे.” पण तो इतकं हळू बोलला की प्राचार्य जिन्याकडे निघालेही होते.

डिजिटल वर्गातला फळा भिंतभर होता. काळा, गुळगुळीत, दिवा लागला की पांढरा होणारा. खडू नाही, बोटानं किंवा पेनासारख्या काडीनं लिहायचं. त्याला पट्टी लावायला कोणी हातही लावू देणार नव्हतं. बाकांवर बारावीची एकतीस मुलंमुली बसली होती. प्राचार्य मागच्या बाकावर बसले, मांडीवर रुजू होण्याचा अर्ज आणि पेन. प्रविण खिडकीपाशी उभा राहिला. निर्मला दारात.

सरांनी सुरुवात केली आणि निर्मलाला वाटलं, काही बिघडलं नाही. काय बोलले ते! बोलता बोलता घरून आणून टेबलावर ठेवलेल्या मॉडेलच्या गोळ्यांना हात लावून दाखवत होते. मोहाच्या फुलांपासून भट्टीतल्या थेंबापर्यंत, तिथून सॅनिटायझरच्या बाटलीपर्यंत. मिथेनॉल आणि इथेनॉल यांत कार्बन फक्त एक कमी-जास्त, पण इथेनॉलनं माणूस झिंगतो आणि मिथेनॉलनं आंधळा होतो. पोरं हसली, मग गप्प झाली. प्राचार्य मान डोलावत होते.

“आता इथेनॉलची रचना,” सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

त्यांची मान वळली नाही. वळायला तिथं काही लालच नव्हतं. त्यांनी उजवीकडे ओ आणि एच काढला. मग एक कार्बन, त्याला वर एक हायड्रोजन, खाली एक. ऑक्सिजनला जोडणारी रेघ. काडी खाली ठेवली.

“ही झाली रचना. उतरवून घ्या.”

निर्मलानं मोजलं. एक, दोन, तीन. डावीकडे काही नव्हतं. दुसरा कार्बन नव्हता, त्याचे तीन हायड्रोजन नव्हते.

तिनं प्रविणकडे पाहिलं. त्यालाही दिसलं होतं. तो खाली पायांकडे बघत होता. तो बोलला असता तर जग म्हणालं असतं, जागा हवी म्हणून गुरूला पाडलं. दुसऱ्या बाकावरच्या एका चष्मेवाल्या मुलीनं हात अर्धा वर केला, सरांकडे पाहिलं आणि खाली घेतला. मग तीही वहीत लिहायला लागली. एकतीस पेनं चालत होती. मागे प्राचार्यांनी टोपण काढून पेन अर्जावर टेकवलं.

गप्प राहावं. एवढंच करायचं होतं. एक सही, आणि रजेचा, प्रस्तावाचा, खाटेवरच्या त्या प्रश्नाचा विषय संपणार होता. उद्या प्रयोगशाळेत पट्टी असेल. परवा चौदाच्या पंधरा होतील. निर्मलानं दाराची चौकट घट्ट धरली. आणि तिला त्या मुलीची वही दिसत राहिली. मार्चमध्ये पेपरात तीच आकृती निघाली तर ती मुलगी हेच लिहील, सरांनी काढून दिलं म्हणून. आणि तिचे सर ते कधीच दुरुस्त करणार नाहीत, कारण त्यांना ते दिसणारच नाही.

“अवो,” ती म्हणाली. मग चौकट सोडून मोठ्यानं म्हणाली, “अवो, त्या कार्बनले तीनच हात हायेत.”

सगळी डोकी दाराकडे वळली.

“चार हायेत,” सर म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला. “तू बाहेर जाय.”

“मोजा तुमी.”

“निर्मला, बाहेर जाय म्हणतो ना!”

ती आत आली. टेबलावर इथेनॉलचं मॉडेल जोडून ठेवलेलं होतं. ते तिनं त्यांच्या उजव्या हातात दिलं. “ह्याच्यात मोजा.”

त्यांनी रागारागात, मॉडेल फिरवत मोजलं. काळे गोळे दोन. प्रत्येकाला चार काड्या. मग तिनं त्यांचा दंड धरला आणि फळ्याच्या डाव्या टोकाला नेलं, अगदी भिंतीला खांदा लागेपर्यंत, म्हणजे सगळी आकृती त्यांच्या उजवीकडे येईल. ते पाय ओढत, धडपडत आले. “आता पाहा,” ती म्हणाली.

सरांनी पाहिलं. आकृतीच्या अलीकडे हातभर पांढरी जागा होती. त्यांनी उजव्या हाताचं बोट त्या जागेवर ठेवलं आणि इकडे-तिकडे फिरवलं, तिथं काही पुसलं गेलं असावं तसं.

“हे मी काढलं?”

पोरं वह्यांकडे बघायला लागली.

“प्रविण, हे मीच काढलं काय रे?”

“हो सर.”

“असं किती दिवसांपासून हाय?”

“आषाढापासून,” निर्मला म्हणाली.

ते पहिल्या बाकावर, दोन पोरांच्या मध्ये बसले. पोरं सरकून जागा देत होती तरी ते काठावरच बसले. “मले वाटे,” ते म्हणाले, “तुमी सारे खोटं बोलता.” आणि मग एकोणीस वर्षांत ज्यांनी कधी खुर्चीत बसूनही शिकवलं नव्हतं, ते सर मुलांसमोर ढसाढसा रडले. प्राचार्यांनी पेनाला टोपण लावलं. पोरांना हातानंच बाहेर जायची खूण केली. पोरं एकमेकांकडे न बघता गेली.

एप्रिलपर्यंत बिनपगारी रजा मिळाली. पुढचं पुढे पाहू, असं प्राचार्य म्हणाले. पुढचं काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं. संध्याकाळी हर्षाचा फोन आला आणि ती आईवर कडाडली, “तू काहून बोलली पण? सही तं होऊ द्यायची होती! मंग पाहिलं असतं ना आपण!” निर्मलानं फोन कानाला धरून ठेवला आणि पोरगी रडून शांत होईपर्यंत ऐकत राहिली.

सर तिच्याशी बोलेनात. जेवण ठेवलं तर जेवायचे, अर्धं. ताट फिरवायला गेली तर हात आडवा घालायचे. मॉडेलची पेटी त्यांनी पायानं खाटेखाली लोटली. घंटा वाजली तरी उठेनात. निर्मला चुलीपाशी बसून विचार करायची की आपण काय मिळवलं. त्यांना अर्धं जग पूर्ण दिसत होतं, तेव्हा ते निदान चपला शोधत होते. आता त्यांना कळलं होतं, आणि दिसत मात्र अजूनही नव्हतंच. डॉक्टरांनी सांगितलेले सहा महिने संपायला थोडेच दिवस उरले होते.

नवव्या दिवशी दुपारी ती धुणं वाळत घालत होती, तेव्हा आतून हाक आली.

“निर्मला.”

ती ओले कपडे खांद्यावर टाकूनच धावली.

“पोराईनं वहीत दुरुस्त केलं काय ते?” सर भिंतीकडे बघत म्हणाले.

“काय?”

“मी काढलेलं. त्याईनं उतरवून घेतलं होतं.”

तिला माहीत नव्हतं. तिनं प्रविणला फोन लावला आणि विचारलं. दुसऱ्याच दिवशी एकेकाची वही बघितली, प्रविण म्हणाला. एकतीसच्या एकतीस वह्यांत दुरुस्त करून घेतलं. मग तो घुटमळला. “काकू, सर हायेत काय जवळ? उद्या इथर घ्यायचंय. पोरं अल्कोहोल अन् इथरमध्ये गोंधळून राहिली. सर कुठून सुरुवात करत होते, तेवढं…”

निर्मलानं फोन सरांच्या उजव्या कानाला लावला. ते उठून बसले. मग म्हणाले, “पाण्यापासून सुरू कर. पाण्याचा एक हायड्रोजन काढला अन् कार्बन लावला तं अल्कोहोल. दोन्ही काढले तं इथर. आकृती तू काढ. मी सांगत जातो.”

ते बराच वेळ सांगत राहिले. निर्मलाचा हात भरून आला, पण तिनं तो खाली घेतला नाही. बोलणं संपल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. ती फोन घेऊन बाहेर आली, खांद्यावरचे ओले कपडे तसेच होते. ते तिनं दोरीवर टाकले आणि आतून पुन्हा हाक येते का, म्हणून तिथंच उभी राहिली.